कुकीज रोज पुसल्या तरी तेच परत का दिसतं?

"ताई, मी रोज रात्री सगळं पुसते. तरी ते परत येतंच."

नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दुपारी दोन ते चार गर्दी नसते. अशाच एका दुपारी एक मुलगी आली, आधी एका कागदाची झेरॉक्स काढून घेतली आणि दुकान रिकामं झाल्यावर हे बोलली. लग्नाला काही वर्षं झालीत, मूल होत नाही म्हणून नवरा-बायको डॉक्टरांकडे जाताहेत, घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तिनं फोनवर उपचारांची माहिती शोधली, काही व्हिडिओ पाहिले. तेव्हापासून बातम्या उघडल्या की मध्येच रुग्णालयांच्या जाहिराती. आणि संध्याकाळी सासरे हॉलमध्ये टीव्हीवर यूट्यूब लावून कीर्तन ऐकायला बसले की पहिल्याच रांगेत तेच उपचारांचे व्हिडिओ. कुणीतरी तिला सांगितलं होतं की कॅशे आणि कुकीज पुसल्या की सगळं जातं. तीन आठवडे ती रोज पुसत होती.

तिला विचारून हे लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. तिची अडचण एकटीची नाही. वेगवेगळ्या तोंडांनी हीच तक्रार माझ्याकडे दर आठवड्याला येते. पुसायचं एका जागचं आणि यायचं दुसरीकडून, असंच बहुतेक वेळा निघतं. म्हणून आधी ते येतंय कुठून ते पाहायचं आणि मग तिथलं पुसायचं.

कॅशे वेगळा, कुकी वेगळी

दोन्ही शब्द जोडीनं ऐकायची सवय झाल्यामुळे लोकांना ती एकच गोष्ट वाटते. ब्राउझर म्हणजे क्रोमसारखं, साइट उघडून दाखवणारं ॲप. त्यानं सोयीसाठी ठेवलेला साठा म्हणजे कॅशे. एखाद्या साइटवरची चित्रं, अक्षरांचे फाँट, पानाचे तुकडे दर वेळी नव्यानं उतरवायला नकोत म्हणून तो ते फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये ठेवून देतो. यानं पान लवकर उघडतं. अडचण होते ती साइट बदलली आणि तुमच्याकडे जुनंच पान दिसत राहिलं की.

कुकी म्हणजे साइटनं तुमच्या ब्राउझरकडे दिलेली एक छोटी चिठ्ठी. ब्राउझर त्या साइटवर गेला की दर वेळी ती चिठ्ठी परत दाखवतो. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना, तसं. चपला सांभाळणारा तुम्हाला चेहऱ्यानं ओळखत नाही, बिल्ल्याचा नंबर ओळखतो. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ही युक्ती वेबसाठी काढली, कारण तोवर साइटला एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस तोच आहे हेही कळत नव्हतं. खरेदीच्या टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर लक्षात राहावी, एवढीच मूळ गरज होती. आजही तुम्ही मेलमध्ये लॉगिन राहता ते कुकीमुळेच.

मग यात भीतीचं काय? समजा रामकुंड, काळाराम, नवश्या गणपती, सोमेश्वर आणि तिकडे नाशिकरोडचं मुक्तिधाम, या सगळीकडचे चपलांचे स्टँड एकाच माणसाचे आहेत, आणि सगळीकडे तुमचा बिल्ला क्रमांक तोच आहे. तुम्ही कोणत्या दिवशी, कोणत्या देवळात, किती वेळ होतात हे त्या माणसाच्या वहीत आपोआप लिहिलं जाणार. त्याला तुमच्या देवदर्शनाशी घेणंदेणं नाही, त्याला वही विकायची आहे. जाहिरात कंपन्यांच्या कुकीज अशाच चालतात. तुम्ही बातमीची साइट उघडता, पण त्या पानावरचा जाहिरातीचा चौकोन दुसऱ्याच कंपनीचा असतो आणि तो आपली चिठ्ठी ठेवून जातो. तोच चौकोन पाककृतीच्या साइटवर असतो, आजाराची माहिती देणाऱ्या साइटवरही असतो. यांना थर्ड पार्टी कुकीज म्हणतात. खाजगीपणाच्या दृष्टीनं खरा त्रास यांचा.

आयफोनमधल्या सफारी ब्राउझरनं २०२० पासून या परक्या कुकीज पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सनं २०२२ पासून प्रत्येक साइटला वेगळी बरणी दिली, म्हणजे एका साइटवरची चिठ्ठी दुसरीकडे वाचताच येत नाही. क्रोमनं २०२० मध्ये त्या बंद करू असं जाहीर केलं, तारीख पुढे पुढे ढकलली आणि २०२४ मध्ये तो बेत सोडला. आपल्याकडे बहुतेकांच्या फोनमध्ये क्रोमच असतो, म्हणून तिथे हे काम आपल्यालाच करावं लागतं. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड पार्टी कुकीज, आणि ब्लॉक. दुकानात आलेल्या कुणाचाही फोन हातात आला आणि त्यांची हरकत नसली, तर मी पहिलं हेच करून देते. क्वचित एखाद्या साइटवर पैसे भरताना किंवा दुसऱ्या खात्यानं लॉगिन करताना अडतं. तेवढ्या साइटपुरती परवानगी देता येते.

पुसलं, पण खरंच पुसलं गेलं का?

त्या मुलीच्या फोनवर मी आधी तिला नेहमीसारखं पुसून दाखवायला सांगितलं. तिनं क्रोमचे तीन ठिपके दाबले, "डिलीट ब्राउझिंग डेटा" निवडलं, बटण दाबलं. वर बारीक अक्षरात काळ लिहिला होता: शेवटची १५ मिनिटं. तीन आठवडे ती रोज फक्त शेवटच्या पाव तासाचं पुसत होती.

हे इतक्या जणांचं होतं की मी आता तक्रार ऐकायच्या आधी हेच पाहते. तो काळ बदलून "ऑल टाइम" करायचा. मग "मोअर ऑप्शन्स" मध्ये जायचं आणि कशाकशावर खूण आहे ते नीट वाचायचं. आपल्याला हवं ते "कुकीज अँड साइट डेटा" आणि "कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स". ब्राउझिंग हिस्टरी घालवायची असेल तर तिच्यावरही खूण. पासवर्ड आणि ऑटोफिल यांच्यावर खूण असेल तर ती काढा. घाईत सगळ्या चौकोनांवर खुणा करून, जतन केलेले सगळे पासवर्ड घालवून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि मग विजेचं बिल भरायचा पासवर्डही आठवत नाही. कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबलं की हीच खिडकी उघडते. क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्हीत चालतं. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सफारी शोधायचं आणि "क्लिअर हिस्टरी अँड वेबसाइट डेटा".

एक खबरदारी. क्रोममध्ये गूगल खात्याचं सिंक चालू असेल आणि तुम्ही हिस्टरी पुसली, तर त्याच खात्यावरच्या दुसऱ्या फोनमधली आणि कॉम्प्युटरमधलीही हिस्टरी जाते. कुकीज मात्र फक्त त्याच यंत्रावरच्या जातात. घरच्या कॉम्प्युटरवर वेगळ्यानं बसून पुसावं लागतं, हे तिच्या ध्यानात नव्हतं.

आणि दर वेळी सगळं पुसायची गरज नसते. एकाच साइटचा त्रास असेल तर ती साइट उघडा, पत्त्याच्या डावीकडचं छोटं चिन्ह दाबा, तिथे "कुकीज अँड साइट डेटा" दिसेल, तेवढ्याच साइटचं काढून टाका. बाकीची लॉगिन शाबूत राहतात.

हे मी किंमत मोजून शिकले. प्रवेशाचे दिवस होते, दुकानात रांग. एका मुलाचा अर्ज निम्मा भरून झाला आणि साइट जुनंच पान दाखवायला लागली. मी घाईघाईत कंट्रोल शिफ्ट डिलीट दाबून सगळं साफ केलं. पान नवं आलं, पण लॉगिन गेलं आणि जतन न झालेली माहितीही गेली. त्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं, मागच्यांना थांबावं लागलं. तिथे फक्त कॅशेचा प्रश्न होता. कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबलं असतं तर ब्राउझरनं साठा बाजूला ठेवून पान नव्यानं आणलं असतं, कुकीला धक्का लागला नसता. तेव्हापासून कुठलाही फॉर्म अर्धवट असताना मी कुकीजना हात लावत नाही. पान जुनं दिसतंय तर कॅशे पाहा, माग काढला जातोय तर कुकी पाहा.

बिल्ला टाकला, पण नाव सांगितलं

काळ "ऑल टाइम" करून आम्ही पुसलं. बातम्यांच्या साइटवरच्या जाहिराती बदलल्या. टीव्हीवरचे व्हिडिओ बदलणार नव्हते, आणि ते मी तिला तेव्हाच सांगितलं.

चपलांच्या स्टँडवर तुम्ही बिल्ला फेकून दिलात, पण जाताना दर वेळी स्वतःचं नाव सांगत राहिलात, तर बिल्ल्याचा उपयोग काय? गूगल खात्यात लॉगिन असणं म्हणजे नाव सांगत राहणं. तुम्ही काय शोधलं, काय पाहिलं ते गूगलच्या सर्व्हरवर तुमच्या खात्यात नोंदलं जातं. फोनमधल्या कुकीज पुसल्यानं त्या नोंदी जात नाहीत. शिवाय अँड्रॉइडवर क्रोममधल्या कुकीज पुसल्या तरी तुम्ही गूगल खात्यातून बाहेर पडत नाही.

टीव्हीवरच्या यूट्यूबला कुणाचं खातं आहे, असं मी विचारलं. ती गप्पच झाली. टीव्ही नवा आला तेव्हा सेटिंग करून देणारी तीच होती, खातं तिचंच टाकलं होतं. सासरे कीर्तन ऐकत होते ते तिच्या खात्यावर. तिनं खोलीचं दार लावून फोनवर पाहिलेला प्रत्येक व्हिडिओ त्या खात्याच्या इतिहासात जात होता आणि त्यावरून टीव्हीची पहिली रांग भरत होती.

यावरचा इलाज ब्राउझरमध्ये नाहीच. टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये खातं बदलायची सोय असते, तिथून तिचं खातं काढून सासऱ्यांचं स्वतःचं घालायचं. तिच्या फोनवर यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये हिस्टरीच्या जागी जाऊन तेवढे व्हिडिओ आणि शोध काढून टाकायचे. पुढे असं काही पाहायचं असेल तर यूट्यूबमध्ये प्रोफाइलवर दाबून "टर्न ऑन इन्कॉग्निटो" करायचं, म्हणजे पाहिलेलं खात्याच्या इतिहासात जात नाही. गूगल खात्याच्या "डेटा अँड प्रायव्हसी" मध्ये "वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी" असते. ती बंद करता येते, किंवा ३, १८ अथवा ३६ महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असं ठरवता येतं. मी ३ महिने ठेवायला सांगते. त्याच पानावरून "माय ॲड सेंटर" उघडतं, तिथे वैयक्तिक जाहिराती पूर्ण बंद करता येतात. त्यात संवेदनशील विषयांची एक यादी आहे: दारू, जुगार, डेटिंग, वजन कमी करणं, आणि गरोदरपण व पालकत्व. हे विषय कमी दाखवा असं तिथे सांगता येतं. पाच बटणांतलं एक नेमकं तिच्या दुखण्यावर आहे हे दाखवल्यावर ती बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिली. ज्यांच्या घरी गर्भपाताचं दुःख झालंय, त्यांनीही हे बटण जरूर दाबावं. बाळाच्या कपड्यांच्या जाहिराती त्या दिवसांत कुणालाही दिसू नयेत.

ॲपमधून येणारं

इन्स्टाग्राम आणि फेसबुकचा आतला ब्राउझर वेगळा असतो. तिथे एखादी लिंक दाबली आणि पान ॲपच्या आतच उघडलं, तर त्या कुकीज क्रोमकडे येत नाहीत, क्रोममधून पुसल्या जात नाहीत. अशी लिंक वरच्या ठिपक्यांमधून बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायची सवय लावा. शिवाय बाहेरच्या साइट तुमच्याबद्दल या दोन्ही ॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, जे कळवतात ते "अकाउंट्स सेंटर" मध्ये पाहता येतं, पुसता येतं आणि पुढचं तोडताही येतं.

ॲपना कुकी लागतच नाही. अँड्रॉइड फोनला स्वतःचा एक जाहिरात क्रमांक असतो, तोच सगळ्या ॲपमध्ये बिल्ल्याचं काम करतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल, मग ॲड्स, आणि "डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी". आयफोनवर "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी" मधल्या "ट्रॅकिंग" मध्ये ॲपना विचारायचीसुद्धा परवानगी बंद करायची. दोन मिनिटांचं काम आहे, आणि रोज कुकीज पुसण्यापेक्षा याचा फरक जास्त पडतो.

इथे एक धोक्याची सूचना. फोनच्या ॲप सेटिंगमध्ये "क्लिअर कॅशे" आणि "क्लिअर स्टोरेज" अशी दोन बटणं शेजारी असतात. पहिल्यानं काही बिघडत नाही. दुसऱ्यानं ॲप नव्यानं टाकल्यासारखं कोरं होतं. व्हॉट्सॲपवर ते दाबलं आणि बॅकअप नसेल, तर सगळ्या चॅट गेल्या.

दिंडोरीच्या काकांचा "व्हायरस"

ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षवाल्यांची झोप उडते. त्यात पाऊस आला तर पानावर डावणी हा बुरशीचा रोग दिसायला वेळ लागत नाही. दिंडोरी तालुक्यातले एक काका मुलाच्या फॉर्मसाठी आले होते, त्यांचा फोन दर पाच मिनिटांनी वाजत होता. "तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस सापडले." "बॅटरी खराब झाली, लगेच दाबा." मुलगा म्हणाला, मी रोज कॅशे साफ करतो, तरी येतंच.

फवारणीची माहिती शोधताना काका एका साइटवर गेले होते. तिथे पान उघडायच्या आधी लिहून आलं होतं की तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला "अलाऊ" दाबा. बागेची घाई, त्यांनी दाबलं. ते रोबोटचं काही नव्हतं, सूचना पाठवायची परवानगी होती. ही परवानगी कुकीत नसते. ती ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये राहते आणि कॅशे, कुकीज कितीदाही पुसल्या तरी तिथेच असते.

क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या साइटची यादी दिसते. काकांच्या यादीत अकरा साइट होत्या, त्यांतली एकही त्यांच्या ओळखीची नव्हती. सगळ्या बंद केल्या, फोन शांत झाला. मग वरची नोटिफिकेशनची परवानगी मागण्याचीच सोय बंद करून टाकली, म्हणजे पुन्हा कुणी विचारणारच नाही.

अशा सूचनेवर दाबून काही ॲप उतरवलं असेल तर ते काढा. पैसे गेले असतील तर मात्र दुकानात येण्यात वेळ घालवू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तास-दोन तासांत कळवलं तर पैसे वाटेतच थांबवायची शक्यता जास्त असते.

कॉम्प्युटरवर असं काही परत परत येत असेल तर ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, तपासा. कूपन शोधून देणारं, पीडीएफ बदलून देणारं असं कुणीतरी कधीतरी टाकलेलं असतं आणि त्याला प्रत्येक पान वाचायची परवानगी दिलेली असते. ओळखू न येणारं सरळ काढून टाका.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसताना

आता माझ्या धंद्याची गोष्ट. जाहिरातींपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. दुकानात, कॉलेजच्या लॅबमध्ये, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या सगळ्यांच्या मिळून असलेल्या कॉम्प्युटरवर माणसं मेल उघडतात, आधार उतरवतात, प्रवेशाचे अर्ज भरतात आणि खिडकी बंद करून निघून जातात. खिडकी बंद केली म्हणजे लॉगिन संपलं असं त्यांना वाटतं. पुढचा माणूस तीच साइट उघडतो आणि मागच्याचा मेल समोर.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी लॉगआउट करायचं, मग कुकीज पुसायच्या. नुसती कुकी पुसली तर तुमच्या हातातला बिल्ला गेला, पण स्टँडवाल्याच्या वहीत तो नंबर अजून चालू आहे. कुणी त्याची नक्कल करून ठेवली असेल, आणि कुकीज चोरणारे प्रोग्राम असतात, तर तो पासवर्ड किंवा ओटीपी न विचारता आत जाऊ शकतो. लॉगआउट केलं की साधारणपणे साइटच्या बाजूनंही तो नंबर बाद होतो. घरी गेल्यावर शंका आली तर गूगल खात्याच्या "सिक्युरिटी" मध्ये "युवर डिव्हायसेस" पाहा आणि अनोळखी यंत्र तिथून बाहेर काढा. प्रिंटसाठी व्हॉट्सॲप वेब लावलं असेल तर फोनमधल्या "लिंक्ड डिव्हायसेस" मध्ये जाऊन ते तोडा. हे तर निम्मे लोक विसरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन चालू करते तेव्हा कुणाच्या तरी घरच्या ग्रुपवरचे निरोप माझ्यासमोर येत असतात. मी न वाचता बंद करते, पण प्रत्येक दुकानात तसं होईलच असं नाही.

त्याहून मोठी गळती डाउनलोड्सच्या फोल्डरमधून होते. ब्राउझरमधून "डाउनलोड हिस्टरी" पुसली की नोंद जाते, फाइल जात नाही. इन्कॉग्निटोमध्ये उतरवलेली फाइलसुद्धा तिथेच राहते. गुणपत्रिका, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, आधारची पीडीएफ. आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष, आणि ही दोन्ही शेजारच्या गुणपत्रिकेवर किंवा दाखल्यावर सापडू शकतात. प्रिंट झाली की फाइल निवडून शिफ्ट आणि डिलीट दाबा, म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही राहत नाही. चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.

परक्या कॉम्प्युटरवर इन्कॉग्निटोपेक्षा मी गेस्ट खिडकी वापरायला सांगते. क्रोममध्ये उजवीकडे वर प्रोफाइलच्या चित्रावर दाबलं की "गेस्ट" मिळतं. त्यात मालकाचे बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन्स काही दिसत नाहीत, आणि बंद केलं की तुमची हिस्टरी आणि कुकीज जातात. माझ्या दोन्ही मशीनवर ब्राउझर बंद झाला की साइटचा डेटा आपोआप पुसला जाईल असं लावलंय. क्रोममध्ये साइट सेटिंग्जच्या तळाशी "ऑन डिव्हाइस साइट डेटा" मध्ये ते सापडतं, एज आणि फायरफॉक्समध्येही तशी सोय आहे. घरच्या कॉम्प्युटरवर हे लावायचं असेल तर रोजच्या दोन-चार साइट अपवाद म्हणून घाला, नाहीतर दर वेळी लॉगिनचा कंटाळा येऊन आठवड्यात तुम्ही ते बंद कराल.

बँकेच्या साइटनं पुसल्यानंतर पुन्हा ओटीपी मागितला, नव्या यंत्रावरून आलात असं म्हटलं, तर घाबरू नका. तिची चिठ्ठी गेली म्हणून ती तुम्हाला नव्यानं विचारतेय.

पुसूनही जे उरतं

एवढं केल्यावरही काही गोष्टी लपत नाहीत. घरातल्या सगळ्या फोनना एकच वायफाय असेल तर बाहेरून सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो, त्यामुळे एकाच्या शोधाची जाहिरात दुसऱ्याला दिसू शकते. पडद्याचा आकार, फाँट, ब्राउझरची आवृत्ती अशा बारीक गोष्टी जोडून कुकीशिवायही यंत्र ओळखायचा प्रयत्न काही साइट करतात. इन्कॉग्निटोत गेलं तरी कंपनीच्या वायफायवर कंपनीला आणि घरी इंटरनेट देणाऱ्याला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते कळू शकतं. फायरफॉक्स वापरला, परक्या कुकीज बंद ठेवल्या, नाजूक गोष्टी लॉगिन न करता शोधल्या, तर बराच फरक पडतो.

पुसायचं कधी? माझा फोन मी महिन्यातून एकदा पुसते, दुकानाची मशीन रोज. परक्या कुकीज एकदा बंद केल्यावर रोज पुसण्यात फारसा अर्थ उरत नाही. क्रोम २०२२ पासून कुठलीही कुकी ४०० दिवसांपेक्षा जास्त ठेवत नाही, पण तुम्ही त्या साइटवर परत गेलात की मुदत पुन्हा वाढवता येते. म्हणून आपोआप जाईल या भरवशावर राहू नका.

ती मुलगी परवा आली होती, रिपोर्टची फाइल घेऊन. टीव्हीवर आता सासऱ्यांचं खातं आहे, पहिल्या रांगेत कीर्तनच असतं. घरी सांगितलं का ते मी विचारलं नाही. सहा पानांच्या झेरॉक्स काढून मी तिच्या हातात दिल्या, तिनं मोजून फाइलला लावल्या, पैसे दिले आणि निघाली. दारातून परत फिरली, मशीनचं झाकण उचललं, काचेवर मूळ कागद राहिला नाही ना ते पाहिलं, आणि मग गेली.